वामन, किलविश आणि बकासुर : खलनायकाचे नाव कोण ठेवते?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीतल्या बुद्ध विहारात मुलांचे शिबिर घेतले. वर्ध्याचा मे महिना. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही, म्हणून दुपारचे सत्र लेखनाचे ठेवले होते. मुलांना सांगितले, एक विज्ञानकथा लिहा. त्यात एक नायक पाहिजे, एक खलनायक पाहिजे, आणि दोघांनाही नाव पाहिजे.

संध्याकाळी वह्या गोळा केल्या आणि वाचत बसलो. नायकांची नावे आर्यन, वीर, रुद्र, सूर्या. खलनायकांची नावे काळासुर, ब्लॅक किंग, कालिया, दैत्यराज. एका मुलाने तर परग्रहावरून आलेल्या खलनायकाचे वर्णन "काळा, जाड ओठांचा, मांस खाणारा" असे केले होते. तो मुलगा स्वतः सावळा आहे आणि त्याच्या घरी रविवारी मटण शिजते. मी विचारले, "असाच काहून दाखवला रे?" तो म्हणाला, "दादा, खलनायक असाच रायते ना."

त्या उत्तराने मला झोप लागली नाही. कारण मी त्याच्या वयाचा असताना हेच शिकलो होतो.

मित्रांनो, हा लेख त्या उत्तराबद्दल आहे. खलनायक "असाच" असतो, हे कोणी ठरवले? आणि त्याचे नाव कोण ठेवते?

रविवारची दुपार आणि किलविश

आज तिशीत असलेल्या माझ्या पिढीला 'शक्तिमान' आठवत असेल. 1997 साली दूरदर्शनवर सुरू झालेली ही मालिका म्हणजे आमच्यासाठी पहिली विज्ञानकथा. वस्तीत टीव्ही मोजकेच होते, एकेका घरात वीस-वीस पोरे बसायची. त्यातला मुख्य खलनायक तमराज किलविश. नाव फोडून पाहा. 'तम' म्हणजे अंधार, 'तमराज' म्हणजे अंधाराचा राजा. 'किलविश' हे संस्कृतातल्या 'किल्बिष' या शब्दाशी जुळते, आणि किल्बिष म्हणजे पाप. म्हणजे नावातच समीकरण तयार : अंधार बरोबर पाप.

मालिका संपली की आम्ही मैदानात शक्तिमान खेळायचो. शाळेतही खेळायचो. शक्तिमान कोण होणार यावर भांडण व्हायचे, पण किलविश कोण होणार यावर कधीच भांडण झाले नाही. ते ठरलेले असायचे. वर्गात जो सगळ्यात काळा, तो किलविश. आमच्या वर्गात तो मीच होतो. कोणी मला शिवी दिली नव्हती. फक्त एक भूमिका दिली होती, आणि मी ती आनंदाने करत होतो. वर्चस्व असेच चालते. ते दरवेळी काठी घेऊन येत नाही, खेळ घेऊनही येते.

हे फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकेत 1934 साली 'फ्लॅश गॉर्डन' ही चित्रकथा आली. त्यातला परग्रहावरचा क्रूर बादशहा होता मिंग. ग्रह दूरचा, पण नाव मात्र चिनी घराण्याचे. त्या काळी अमेरिकेत चिनी माणसांविषयी जी भीती पसरवली गेली होती, ती अंतराळात जाऊन बसली. 1967 साली 'स्टार ट्रेक' या मालिकेत खान नूनियन सिंग आला. जनुके सुधारून घडवलेला हुकूमशहा, आणि नाव आपल्या बाजूचे. भूमिका केली मेक्सिकोच्या रिकार्डो माँटल्बान यांनी. भविष्यकाळ कितीही पुढचा असो, खलनायकाचे नाव मात्र समाजाने आजच ज्याला परके ठरवले आहे त्याच्याकडून उसने घेतले जाते.

आपल्याकडे 2011 च्या दिवाळीत 'रा.वन' हा चित्रपट आला. संगणकाच्या खेळातून बाहेर पडलेला खलनायक. इंग्रजी अक्षरांची जुळणी करून त्याच्या नावाचा तांत्रिक अर्थ सांगितला गेला, पण उच्चार केला की रावण. आणि नायक जी.वन, म्हणजे जीवन. तंत्रज्ञान एकविसाव्या शतकाचे, पण जाळायचा पुतळा तोच. तिकडे अकोला जिल्ह्यातल्या सांगोळा गावात लोक रावणाची मूर्ती पुजतात. गडचिरोलीत गोंड बांधव रावणाला आपला मानतात. त्यांच्या पोरांनी तो चित्रपट पाहताना कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या?

शब्द उलटा कसा फिरतो

आता इतिहासाकडे येऊ. 'असुर' हा शब्द घ्या. ऋग्वेदाच्या जुन्या भागांत वरुण, अग्नी, सविता, इंद्र यांनाही असुर म्हटले आहे. तिथे असुर म्हणजे सामर्थ्यवान, स्वामी. शेजारच्या इराणी परंपरेत याच शब्दाचे रूप 'अहुर' आणि अहुर मज्द हा तर सर्वश्रेष्ठ. उलट तिकडे 'दएव' म्हणजे दुष्ट. आपल्याकडे नंतर असुर दुष्ट झाले आणि देव चांगले राहिले. मग 'असुर' या शब्दातला 'अ' म्हणजे नकार असे समजून 'सुर' हा नवा शब्द पाडला गेला. म्हणजे शत्रू आधी ठरला आणि शत्रूच्या नावावरून स्वतःचे नाव नंतर तयार झाले!

'राक्षस' घ्या. महात्मा फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी'त सांगितले की राक्षस म्हणजे रक्षक. पंडितांनी यावर नाके मुरडली. पण वाल्मीकी रामायणाच्या उत्तरकांडातच कथा आहे की पाण्याचे रक्षण करायला सांगितल्यावर ज्यांनी "आम्ही रक्षण करू" म्हटले ते राक्षस झाले. जोतिबांनी आकाशातून काही आणले नव्हते. त्यांनी त्यांचेच पुस्तक त्यांना उघडून दाखवले होते.

'पाखंड' घ्या. सम्राट अशोकाच्या बाराव्या शिलालेखात हा शब्द पंथ, संप्रदाय या साध्या अर्थाने येतो. सगळ्या पाखंडांचा आदर करा, आपल्याच पंथाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा करू नका, असा त्या लेखाचा आशय आहे. पुढे श्रमण परंपरा मागे पडली आणि पाखंडी म्हणजे ढोंगी, धर्मबुडवा असा अर्थ रूढ झाला. आज आपले कार्यकर्तेसुद्धा "पाखंड बंद करा" म्हणून घोषणा देतात. ज्या शब्दाने आपल्या पूर्वजांच्या विचाराला बदनाम केले, तोच शब्द आपण शस्त्र म्हणून वापरतो. 'देवानांप्रिय' ही अशोकाची पदवी, पण संस्कृत व्याकरणाच्या परंपरेत पुढे तिचा अर्थ मूर्ख असा नोंदवला गेला. शिलालेख दगडात राहिला, अर्थ मात्र पुसला गेला.

आणि हे केवळ पुराणातल्या पात्रांपुरते नव्हते. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नामकरणाचा नियम आहे : ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदासूचक. आपल्या आज्यापणज्यांची कचरू, भिकू, धोंड्या, उकिरडा अशी नावे आठवा. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की लेकरे जगत नसली की नजर लागू नये म्हणून इतर जातींतही अशी नावे ठेवत. पण इतरांसाठी जो अडचणीतला तोडगा होता, तो आपल्यासाठी शास्त्राचा नियम होता. हा फरक विसरू नका. 25 डिसेंबर 1927 ला महाडला जे जाळले गेले, त्यात हा नियमही होता. आणि 14 ऑक्टोबर 1956 नंतर आपल्या घरांत सिद्धार्थ, राहुल, सुजाता, महामाया ही नावे आली. धर्मांतर हे नामांतरही होते.

केळझरचा बकासुर

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घेऊ. वर्धा-नागपूर रस्त्यावर सेलू तालुक्यात केळझर आहे. लोक सांगतात की हीच महाभारतातली एकचक्रानगरी, इथेच भीमाने बकासुराला मारले. गणपतीच्या मंदिराशीही पांडवांची कथा जोडलेली आहे. पण खानदेशातले एरंडोलही स्वतःला एकचक्रा म्हणवते, बिहार आणि बंगालमधली गावेही म्हणवतात. एकच राक्षस इतक्या ठिकाणी मेला असेल तर तो इतिहास नाही, ती स्थानिक अभिमानाची कथा आहे, एवढे तरी कबूल करावे लागेल.

पण मूळ कथा वाचा. आदिपर्वात कुंतीला आश्रय देणारा ब्राह्मण स्वतः सांगतो की या प्रदेशाचा राजा दुबळा आहे, प्रजेचे रक्षण करत नाही. बक नावाचा राक्षस या नगराचे रक्षण करतो, त्याच्यामुळे परचक्राची भीती नाही. त्या बदल्यात त्याला गाडाभर भात, दोन रेडे आणि एक माणूस द्यावा लागतो. आणि या देण्याला तिथे शब्द वापरला आहे 'वेतन'! राक्षस म्हणजे रक्षक, हे जोतिबांचे म्हणणे इथे महाभारतच मान्य करते.

पण आपण लगेच "बकासुर आमचा राजा होता" असे फलक लावायला धावू नये. जो रक्षणाच्या नावाखाली गरिबाचे लेकरू खातो, तो रक्षक असला तरी जुलमीच. माझा मुद्दा वेगळा आहे. या कथेत दोन दोषी आहेत : माणूस खाणारा बक आणि प्रजेला वाऱ्यावर सोडणारा राजा. कथा बकाला मारते. राजाला काय शिक्षा झाली? त्याचे नाव तरी कोणाला आठवते? खलनायकाचे नाव मोठ्याने घेतले की व्यवस्थेचे नाव घ्यायची गरज उरत नाही.

आता हीच कथा आपल्या परंपरेत पाहा. सुत्तनिपातात आळवक यक्खाचे सुत्त आहे. अट्ठकथेत त्याची पार्श्वभूमी येते : शिकारीत यक्षाच्या तावडीत सापडलेला आळवीचा राजा स्वतःचा जीव वाचवण्यासाठी रोज एक माणूस पाठवायचे वचन देतो. आधी गुन्हेगार पाठवले जातात, ते संपल्यावर लहान मुले. सांगाडा तोच, रोज एक माणूस. पण इथे राजाचा दोष लपवलेला नाही. आणि शेवट? भगवान बुद्ध त्या यक्षाच्या घरी जातात. तो "बाहेर जा, आत ये" म्हणून तीनदा त्रास देतो. चौथ्या वेळी बुद्ध नकार देतात आणि म्हणतात, प्रश्न विचार. माणसाचे श्रेष्ठ धन कोणते, सर्वांत गोड काय, असे प्रश्न होतात. उत्तरे ऐकून यक्ष बदलतो. भीम बकाची कंबर मोडतो, बुद्ध आळवकाशी संवाद करतात. अंगुलिमालाचेही तसेच. त्याचे खरे नाव अहिंसक होते असे परंपरा सांगते. बोटांच्या माळेवरून पडलेल्या नावाखाली दडलेला माणूस बुद्धांनी पाहिला.

आपलीही एक चूक

इथे मी आपल्याच मित्रांशी थोडा वाद घालणार आहे. व्हॉट्सॲपवर रोज नवी व्युत्पत्ती येते. अमुक राक्षस भिक्खू होता, तमुक गावाचे नाव पालीतून आले. पुरावा काय? ऐकायला सारखे वाटते, एवढाच.

नावाच्या गोष्टी नंतर तयार होतात, हे विज्ञानकथेनेच सिद्ध केले आहे. ब्रिटिश मालिका 'डॉक्टर हू'मध्ये 1963 साली 'डालेक' नावाचे खलनायक आले. लेखक टेरी नेशन यांनी सांगितले की ज्ञानकोशाच्या एका खंडावर 'डाल ते लेक' असे लिहिलेले दिसले, त्यावरून नाव सुचले. पुढे त्यांनीच कबूल केले की पत्रकारांसाठी ही गोष्ट रचली होती. 'स्टार वॉर्स'मधला डार्थ वेडर घ्या. डच भाषेत 'वाडर' म्हणजे बाप, म्हणून नावातच रहस्य दडले आहे असे चाहते सांगतात. पण 1974 च्या कच्च्या मसुद्यात हे नाव एका दुय्यम सेनाधिकाऱ्याचे होते, नायकाच्या बापाचे नव्हते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या, लेखक हयात असतानाच्या नावांचे हे हाल, तर अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नावांवर केवळ उच्चारावरून निकाल कसा देणार?

जोतिबांची व्युत्पत्ती ही उपहासाची तलवार होती. पुराणिकांच्या खेळात उतरून त्यांनी पुराणिकांना हरवले. ते काम त्यांनी केले. बाबासाहेबांनी पुढचे पाऊल टाकले. 1946 च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाचा सिद्धांतच पुराव्यानिशी नाकारला, म्हणजे जोतिबांना गुरू मानूनही त्यांच्या मांडणीशी मतभेद केला. 1948 च्या अस्पृश्यांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी स्पष्ट सांगितले की जिथे दुवे सापडत नाहीत तिथे मी गृहीतक मांडतो आहे. हा बाबासाहेबांचा प्रामाणिकपणा आपण शिकायचा की फॉरवर्ड शिकायचे? 'पाखंड' शब्दाचा पुरावा दगडात कोरलेला आहे. असे भक्कम पुरावे हाताशी असताना खोटा पुरावा वापरला तर विरोधक खोटा तेवढा पकडतो आणि खराही बुडवतो.

आडनाव बदललेला वैज्ञानिक आणि 'वामन'

आता मराठी विज्ञानकथेकडे. डॉ. जयंत नारळीकर यांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून हे नाव तयार केले होते. आपल्या प्रसिद्ध नावाचा परीक्षकांवर प्रभाव पडू नये, हा त्यांचा उद्देश. त्यांच्या प्रामाणिकपणाला सलाम. पण यातला सामाजिक अर्थ पाहा. नाव पाहून गुणवत्तेचा निकाल बदलतो, हे एवढ्या मोठ्या वैज्ञानिकालाही मान्य होते. त्यांनी नाव लपवले ते फायदा होऊ नये म्हणून. आपली मुले खोली भाड्याने घेताना, नोकरीच्या मुलाखतीत आडनाव लपवतात ती तोटा होऊ नये म्हणून. एकाच व्यवस्थेच्या या दोन बाजू आहेत.

याच नारळीकरांची कादंबरी आहे 'वामन परत न आला'. जमिनीखाली सापडलेल्या एका प्राचीन, अतिप्रगत संस्कृतीच्या ठेव्यातून मिळालेल्या ज्ञानावर यंत्रमानव तयार होतो. त्याचे नाव वामन. त्याला स्वतःसारखे आणखी यंत्रमानव घडवायचे आहेत, आणि तिथून माणसाला धोका सुरू होतो. लहान मूर्तीत आलेला आणि सगळे व्यापू पाहणारा, म्हणून हे नाव. लेखकाच्या मनात जातीचा विचार होता असे मी म्हणणार नाही. पण परिणाम पाहा. दीडशे वर्षांपूर्वी जोतिबांनी वामनाला खलनायक म्हटले तेव्हा गहजब झाला. आणि मराठी मध्यमवर्गाने आवडीने वाचलेल्या कादंबरीत वाचक चक्क वामनाला घाबरतो, वामन परत येऊ नये अशी इच्छा करतो! दिवाळीच्या पाडव्याला आमच्या आया ओवाळताना "इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो" म्हणतात, तेव्हा त्या दुसरे काय मागतात?

पण गोष्ट इथे संपत नाही. तो वामन आहे आणि तो रोबोटही आहे. 'रोबोट' हा शब्द 1920 साली चेक लेखक कारेल चापेक यांच्या नाटकातून जगाला मिळाला. तो सुचवला त्यांचा भाऊ योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे सरंजामदारासाठी सक्तीने करावे लागणारे काम. आपल्या भाषेत वेठबिगार! त्या नाटकात राबणारे रोबोट बंड करतात. म्हणजे जगातला पहिला रोबोट हा बंड करणारा वेठबिगार होता. मराठीत आपण 'यंत्रमानव' म्हणतो आणि वेठ गायब होते. महार वतनाची वेठ संपवण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. ज्यांच्या पूर्वजांनी वेठ केली, त्यांनी रोबोटच्या बंडाची कथा मालकाच्या खुर्चीत बसून वाचायची की गुलामाच्या जागेवरून?

मग आपण काय लिहायचे?

मी मुलांना तीन प्रश्न दिले. तेच तुम्हालाही देतो. खलनायकाचे नाव कोणी ठेवले, जिंकणाऱ्याने की हरणाऱ्याने? त्या नावाचा सर्वांत जुना पुरावा काय सांगतो? आणि आज ते नाव वापरले की वर्गातल्या कोणत्या पोराकडे बोट जाते?

काळासुराच्या जागी गोरासुर लिहून काही होणार नाही. खुर्ची तीच राहील, बसणारा बदलेल. खलनायकाचे नाव रंगावरून, जातीवरून, ताटातल्या अन्नावरून नको. त्याच्या कृत्यावरून ठेवा. आपल्या परंपरेतला खलनायक मार आहे. मार म्हणजे मरण आणणारा. त्याला जात नाही, वर्ण नाही. आणि सुत्तांमध्ये त्याचा पराभव कसा होतो? बुद्ध त्याला ओळखतात. मार, मी तुला ओळखले आहे, असे कळले की तो खिन्न होऊन निघून जातो. खलनायकाला अचूक नावाने ओळखणे हीच त्याच्याशी पहिली लढाई.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलांनी पुन्हा कथा लिहिल्या. काहींनी काळासुर तसाच ठेवला, ते खोटे सांगणार नाही. सवय आठ दिवसांत जात नाही. पण सातवीतल्या एका मुलीची कथा वेगळी होती. साल लिहिले होते 2127. गावात पाण्याचे एक यंत्र आहे. समोर उभे राहिले की ते आवाज देते, विचारते, उत्तर आवडले तर पाणी सोडते, नाही तर नाही. सगळे गाव त्याला चांगले यंत्र म्हणते. तिने त्या यंत्राचे नाव ठेवले होते 'आडनाव'.

मी विचारले, "असे नाव काहून?"

ती म्हणाली, "दादा, थे नाव इचारतच नाई. आडनावच इचारते."

चवदार तळ्याला तेव्हा बरोबर दोनशे वर्षे झालेली असतील. तिला हे कोणी सांगितले नव्हते असे नाही, विहारात महाडचा सत्याग्रह आम्ही शिकवतोच. पण खलनायकाला खरे नाव तिने स्वतः दिले. ज्या मुलाने काळा, जाड ओठांचा राक्षस लिहिला होता, तो बाजूला बसून ऐकत होता. त्याने आपली वही परत मागून घेतली.

जय भीम!